दांड्यांच्या बाजूने एक कैफियत

मोटार चालविण्याच्या पक्क्या परवान्यासाठी जी चाचणी घेतली जाते तिच्यातून गाडी मागे घेऊन नेमून दिलेल्या जागेत लावण्याचा भाग वगळावा, निदान त्या एका भागावरून कोणास अनुत्तीर्ण ठरवू नये, असे मत अलीकडे सुशिक्षितांच्या बैठकींतून मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. आणि ते मांडणारी मंडळी स्वतः गाडी चालविण्यात बहुधा कच्ची नसल्यामुळे त्या मताला अनुभवाचा दाखला आपोआपच चिकटतो. त्यांची तक्रार थोडक्यात अशी की, माणूस गाडी घेतो ती पुढे जाण्यासाठी. मागे जाणे हा प्रवासातील अपवाद असून अपवादाची परीक्षा घेऊन एखाद्याची लायकी ठरविणे अन्यायाचे आहे. रोवलेले दांडे आणि चुन्याच्या रेघा यांच्यामधून गाडी सरकविण्याची कसरत मैदानाबाहेर कोठेही करावी लागत नाही. ती कसरत ड्रायव्हिंग स्कूलवाले चार खुणा पाठ करवून पार पाडून देतात. परदेशांत ती बंद होऊ लागली आहे. आणि आता तर कॅमेऱ्याच्या रूपाने गाडीच्या पाठीलाच डोळा फुटला आहे. सबब हा भाग कालबाह्य समजून दप्तरदाखल करावा. या मताचा परामर्श सावकाशीने घेण्याजोगा आहे, कारण त्यातील एक विधान खरे आहे, आणि त्या एका खऱ्या विधानाच्या आडोशाला बाकीची विधाने सुखाने नांदत आहेत.

आधी कायदा काय मागतो ते पाहू. कारण ज्या गोष्टीस कालबाह्य म्हणावयाचे ती मुळात काय आहे हे पाहण्याचे कष्ट या पक्षाने घेतल्याचे दिसत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील पंधराव्या नियमात परीक्षार्थीने काय काय करून दाखवावे याची एक लांबलचक यादी दिलेली आहे. आरसा नीट लावण्यापासून चढावर थांबलेली गाडी मागे न घसरू देता पुन्हा हलविण्यापर्यंत, आणि पादचाऱ्यांच्या हालचालींचा आगाऊ अंदाज बांधण्यापासून इतरांशी सौजन्याने वागण्यापर्यंत अनेक अपेक्षा तीत आहेत. त्या यादीतील एका कलमात सांगितले आहे की, परीक्षार्थीला गाडी मागे चालवून उजवीकडच्या किंवा डावीकडच्या मर्यादित वाटेत, ताब्यात ठेवून व वाजवी अचूकतेने नेता आली पाहिजे. आणि लगेचच्या कलमात, पुढचे व मागचे गिअर वापरून गाडीचे तोंड उलट दिशेस फिरविता आले पाहिजे. इंग्रजी 'एच' अक्षर, उलटा 'एस', दांड्यांची संख्या, रेघांची रुंदी, यांपैकी कशाचाही त्या कलमांत उल्लेख नाही. ती सर्व कचेऱ्यांनी केलेली व्यवस्था आहे आणि ती बदलता येते. नियम मागतो ते एवढेच की वाट मर्यादित असावी, बाजू कोणतीही असावी, गाडी ताब्यात असावी आणि अचूकता वाजवी असावी. यांतील कोणती मागणी कालबाह्य झाली, हे प्रतिपक्षाने एकदा स्पष्ट करावे.

मागे जाणे हा अपवाद आहे, हे दुसरे गृहीतक. राज्य परिवहन मंडळाची गाडी तालुक्याच्या स्थानकात फलाटाला तोंड लावून उभी राहते, म्हणजे तिचा प्रवास, तो कोसभराचा असो की शंभर कोसांचा, प्रथम मागे जाऊनच सुरू होतो; आणि मागे उभा राहून शिट्टी वाजविणारा वाहक त्या मागे जाण्याचे गांभीर्य रोज जाहीर करीत असतो. अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या गाडीला वाट देण्याचे कर्तव्य उतरणाऱ्याचे, हा रस्त्याचा नियम आहे. तो पाळण्याची वेळ येते तेव्हा उतरणाऱ्याला पुष्कळदा चढावर मागे जाऊन मागील रुंद जागा गाठावी लागते, आणि तेथे एका बाजूस कडा व दुसऱ्या बाजूस दरी असते, दांडे नसतात. कोकणात दोन्ही बाजूंस चिऱ्यांचे गडगे असलेल्या रस्त्यावर समोरून टेम्पो आला, पुण्याच्या पेठांतील एखाद्या बोळाच्या तोंडाशी हातगाडी आडवी उभी राहिली, की पुढे जाण्यात निष्णात असलेला गृहस्थ काचेतून बाहेर डोकावून कोणीतरी 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणेल या आशेवर बसतो. शहरातील नव्या इमारतींत महाराष्ट्राच्या विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे एका मोटारीला अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब एवढी जागा मिळते. गाडीची रुंदी पावणेदोन मीटरच्या आसपास धरली तर दोन्ही बाजूंना जेमतेम हातभर अंतर उरते, त्यातच आरसे येतात आणि त्यातच दार उघडून यजमानाला बाहेर पडावयाचे असते. ज्या क्रियेवाचून दिवस सुरू होत नाही आणि संपत नाही तिला अपवाद म्हणण्याचे धाडस केवळ ज्याच्या घरी ड्रायव्हर आहे त्यालाच शोभेल. यातील विनोद असा की, मागे जाण्याची परीक्षा निरुपयोगी ठरविणाऱ्या याच समाजात, द्रुतगती मार्गावर बाहेर पडण्याचा फाटा चुकला म्हणजे, जेथे मागे येण्यास मनाई आहे नेमके तेथे, कडेकडेने बेधडक मागे येणारे महाभाग आढळतात.

परंतु किती वेळा मागे जावे लागते हा या वादातील गौण मुद्दा आहे. मुख्य मुद्दा असा की, मागे जाताना चालकाच्या अंगी असलेल्या गुणांची जी पारख होते ती पुढे जाताना होतच नाही. हे नीट समजावून घ्यावयाचे तर गाडीच्या रचनेकडे जावे लागेल. मोटारीची वळणारी चाके पुढे असतात. पुढे जाताना चालक ज्या दिशेला पाहतो त्याच दिशेच्या टोकाला वळण देतो, मागची चाके किंचित आतून त्याच्या मागोमाग येतात, आणि डोळा, हात व गाडी यांचे एकमत असल्यामुळे बुद्धीला फारसे श्रम पडत नाहीत. मागचा गिअर पडला की हे एकमत मोडते. आता जे टोक पुढाकार घेते ते वळत नाही, आणि जे वळते ते चालकाच्या पाठीकडे राहते. स्टेअरिंग डावीकडे फिरविले की गाडीचे शेपूट डावीकडे जाते खरे, पण त्याच क्षणी तिचे नाक मोठा वळसा घेत उजवीकडे झुकते. आणि नवशिका मागच्या काचेत डोळे रुतवून बसलेला असताना शेजारच्या गाडीला ओरखडा पडतो तो मागे नव्हे, पुढच्या कोपऱ्यात. दुसरी गोष्ट अशी की, स्टेअरिंग फिरविल्याचा परिणाम डोळ्याला दिसू लागण्यापूर्वी गाडीने काही अंतर कापावे लागते. हा परिणाम तत्काळ दिसत नाही म्हणून घाबरलेला माणूस आणखी फिरवितो, मग परिणाम एकदम अतोनात दिसतो, मग तो तितक्याच घाईने उलट फिरवितो, आणि गाडी नागमोडी होत दांड्यावर जाते. येथे हवा असतो तो धीर: थोडे फिरवावे, थांबावे, काय झाले ते पाहावे, मग पुढचे ठरवावे. आणि हे सर्व हाफ क्लचवर, चालत्या माणसापेक्षाही कमी वेगाने, इंजिन बंद न पडू देता. आरशात डावीकडे, आरशात उजवीकडे, मान वळवून मागे आणि पुन्हा समोरच्या नाकाकडे अशी चौफेर नजर ठेवून, आपल्या शरीराहून कितीतरी मोठ्या वस्तूच्या चारही कोपऱ्यांचे भान ज्याला राखता येते, त्याच्या हाती रस्ता सोपविण्यास हरकत नाही. ज्याला ते राखता येत नाही त्याने सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये कितीही ऐट मिरविली तरी ती रस्त्याची मेहेरबानी समजावी.

रस्त्याच्या कडेला दोन गाड्यांच्या मधल्या जागेत गाडी मागूनच का घालावी लागते याचेही कारण याच रचनेत आहे. पुढून शिरणाऱ्या गाडीचे तोंड आत जाते आणि शेपूट रस्त्यावर राहते, कारण मागच्या चाकांना आडवे सरकता येत नाही. तेच शेपूट आधी आत घातले तर वळणारी चाके शेवटी शिरतात आणि नाक अल्प जागेत झुलवून आत घेता येते. म्हणजे दांड्यांमधील ती कसरत कोणा लहरी अधिकाऱ्याची करामत नसून चार चाकांच्या भूमितीचा निष्कर्ष आहे. राज्यांच्या मोटार वाहन नियमांतही फार पूर्वीपासून एक तरतूद आढळते की, कोणास धोका वा गैरसोय होणार नाही याची खात्री करून घेतल्यावाचून गाडी मागे नेऊ नये, आणि वळण्यास जरूर तेवढ्याहून अधिक अंतर नेऊ नये. अपवाद केला आहे तो फक्त रोडरोलरचा, ज्याच्या नशिबी पुढे आणि मागे सारखेच लिहिले आहे.

आता प्रतिपक्षाच्या त्या एका खऱ्या विधानाकडे वळू. खुणा पाठ करविल्या जातात, हे सत्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. चाचणीच्या आदल्या आठवड्यात ड्रायव्हिंग स्कूलच्या मैदानात काय चालते ते ज्याने पाहिले आहे त्याला 'दुसरा दांडा मागच्या काचेच्या कोपऱ्यात आला की फुल उजवीकडे मार, आरशात पांढरी रेघ दिसली की दीड फेरा सोड' हा मंत्र परिचयाचा असेल. शिष्य तो मंत्र पाठ करतो, स्कूलच्या त्याच गाडीत, त्याच दांड्यांमध्ये, त्याच बाजूला वळून म्हणून दाखवितो आणि परवाना घेऊन घरी जातो. आणि मग वडिलांनी घेतलेल्या लांब गाडीत बसल्यावर त्याच्या ध्यानात येते की येथे काचेचा कोपरा निराळा आहे, आरसा निराळा आहे आणि मागे दांडा नसून शेजाऱ्याची नवी स्कूटर आहे. एका गिऱ्हाइकाचे माप पाठ करून दुसऱ्याचा अंगरखा बेतणाऱ्या शिंप्याची जी गत व्हावी तीच त्याची होते. परंतु यावरून निष्कर्ष काय निघतो? पाठांतराने उत्तीर्ण होता येते म्हणून जर परीक्षा रद्द करावयाची असेल तर विद्यापीठांना कुलपे लावण्याचा हुकूम आधी काढावा लागेल. दोष पाठांतराला वाव देणाऱ्या रचनेचा आहे, आणि त्यावरचा उपाय त्याच नियमात लिहून ठेवलेला आहे: उजवीकडे किंवा डावीकडे. कोणत्या बाजूस शिरावयाचे ते परीक्षार्थी गाडीत बसल्यावर निरीक्षकाने सांगावे. दांड्यांतील अंतर गाडीच्या लांबीच्या प्रमाणात बदलते ठेवावे. एकदा थांबून, पुढे येऊन गाडी सरळ करून घेण्याची मुभा द्यावी, कारण नियमाने मागितलेली अचूकता वाजवी आहे, निर्दोष नव्हे. आणि चूक सुधारता येणे हाच तर या विद्येचा गाभा आहे. एवढे केले की मंत्राचा उपयोग संपतो आणि शिकविणाऱ्याला गाडी कशी वळते हे समजावून सांगण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

याच दिशेचा एक प्रयत्न केरळात झाला. तेथे 'एच' हे अक्षर परवान्याचे जणू प्रतीकच बनले होते. २०२४ च्या फेब्रुवारीत तेथील परिवहन खात्याने परिपत्रक काढून चाचणीच्या मैदानावर तिरपी व समांतर पार्किंग, नागमोडी मार्ग आणि चढ यांचा समावेश करण्याचे ठरविले, तेव्हा ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनी आंदोलन पुकारले आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. त्या परिपत्रकाच्या गुणदोषांत येथे शिरण्याचे प्रयोजन नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, पाठांतराचा उबग आलेल्या खात्यालाही मागे जाण्याची परीक्षा काढून टाकावी असे सुचले नाही; ती अधिक खरी करावी असेच सुचले.

परदेशाचे दाखले देणाऱ्यांनी ते पूर्ण द्यावेत. ब्रिटनमध्ये चालकाची चाचणी १९३५ पासून सक्तीची आहे, आणि ४ डिसेंबर २०१७ पासून तिच्यातून कोपऱ्याभोवती मागे जाणे व रस्त्यातच गाडी फिरविणे हे दोन प्रकार काढले, हे खरे. पण परीक्षार्थीला आजही समांतर पार्किंग, आखलेल्या चौकटीत गाडी लावणे, किंवा उजव्या कडेला थांबून दोन गाड्यांच्या लांबीइतके मागे जाणे, यांपैकी निरीक्षक सांगेल ते करावेच लागते. तिन्हींत मागचा गिअर टळत नाही. चौकटीत पुढून शिरले तर बाहेर मागून निघावे लागते. अमेरिकेतील मेरीलँड राज्याने २०१५ साली समांतर पार्किंग वगळले तेव्हाही मागे जाऊन दोन टप्प्यांत वळण्याची कसोटी कायम ठेवली. आपल्याकडे २०२१ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांतून उत्तीर्ण झालेल्यांना प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या चाचणीतून सूट मिळू लागली. तिचाही हवाला दिला जातो. परंतु हलक्या वाहनाच्या त्या २९ तासांच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष चालविण्याचे २१ तास आहेत आणि मागे घेणे व पार्किंग हे त्यांत नाव घेऊन नमूद केलेले आहेत.

आता एका अशा गोष्टीकडे वळतो जिचा विचार प्रतिपक्षाने केलेला दिसत नाही, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. दांडे उपटल्यावर त्यांच्या जागी काय येणार? चालकाची योग्यता ठरविणे तर भागच आहे. मग ती ठरविणार शेजारी बसलेल्या साहेबांची मर्जी. शंभर पावले पुढे नेऊन आणल्यावर 'ठीक आहे' असा शेरा मारण्याची जी पद्धत आपल्या कचेऱ्यांत वर्षानुवर्षे चालली, आणि दलालाच्या हातचा कागद पाहून जो शेरा अधिक सढळ होत असे, तिच्याकडे परत जाण्याची वाट येथून सुरू होते. दांडा पडला की पडला. रेघेवर चाक गेले की गेले. ते मैदानातील दहा माणसांनी पाहिलेले असते आणि त्यात परीक्षार्थीच्या पोशाखाचा, ओळखीचा किंवा आडनावाचा संबंध येत नाही. स्त्रियांना रिव्हर्स जमत नाही ही टपरीवरची थट्टा अजून जिवंत आहे. शेजारी बसलेला निरीक्षक ती थट्टा मनात घेऊन बसलेला असू शकतो, दांड्याला ती ठाऊक नसते. भोसरीच्या मध्यवर्ती रस्ते परिवहन संस्थेसारख्या ठिकाणी किंवा दिल्लीत स्वयंचलित मार्ग उभारण्यात आले ते याच कारणाने. त्या यंत्रांत दोष असतील, ते दुरुस्त करावेत. पण निःपक्षपातीपणाचे जे एक साधन सामान्य माणसाच्या हाती लागले आहे ते त्याच्याच हिताच्या नावाखाली काढून घेऊ नये.

भीतीने हातपाय गळतात आणि येत असलेलेही चुकते, ही तक्रार सहानुभूतीची आहे पण युक्तिवादाची नाही. अनुत्तीर्ण झालेल्याला सात दिवसांनी पुन्हा येता येते. तीनदा अपयश आले तरच साठ दिवस थांबावे लागते. पुढची तारीख लवकर मिळत नसेल तर ती कचेरीच्या कारभाराविरुद्धची फिर्याद आहे आणि ती तेथेच गुदरावी.

राहिला कॅमेरा. त्याचे मोल कमी लेखण्याचा हेतू नाही. अमेरिकेत दोन वर्षांचे एक मूल घराच्या आवारात पित्याच्याच मागे येणाऱ्या गाडीखाली सापडले, त्याच्या नावाने २००८ साली कायदा झाला, आणि मे २०१८ पासून तेथील प्रत्येक नव्या मोटारीत मागील दृश्य दाखविणारी सोय सक्तीची झाली. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत मागील अडथळ्याची सूचना देणारे संवेदक आवश्यक ठरले. (त्यापूर्वी आपण मागे येणाऱ्या गाडीला देशभक्तीपर गीतांच्या चाली वाजवावयास लावीत होतो, रस्त्यावरील पोरे बाजूला होण्याऐवजी ऐकण्यासाठी जवळ येत.) पण कॅमेरा पाहतो ते मागचे. नाक कोठे झुकते आहे ते तो सांगत नाही, स्टेअरिंग किती फिरवावे हे अंगात भिनवीत नाही, आणि आषाढात कोल्हापूरच्या रस्त्यावरील चिखल भिंगावर बसला म्हणजे पडद्यावर फक्त करडा धूसरपणा दाखवितो.

आणि परवाना दिला जातो तो गाडीच्या वर्गाचा, एखाद्या गाडीचा नव्हे. अठराव्या वर्षी हलक्या वाहनाचा परवाना घेणाऱ्या तरुणाला तो आजच्या कायद्याप्रमाणे वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत, म्हणजे बावीस वर्षे पुरतो. त्या अवधीत त्याच्या हाती कॅमेरा असलेली गाडी जशी येईल तशीच मामाची जुनी ओम्नीही येईल, जिच्यात चालक पुढच्या चाकांवरच बसतो आणि जिच्या मागच्या काचेपर्यंत लग्नाचे सामान भरलेले असते; मित्राची लांबलचक जीप येईल, भाड्याने घेतलेली अनोळखी गाडी येईल, आणि रात्री दीड वाजता, वीज गेलेल्या गावात, विहिरीच्या कठड्याशेजारून ती मागे काढण्याची पाळी येईल. तेव्हा मागे उभा राहून शिट्टी वाजविणारा वाहक तेथे नसेल.